द्रावकांची वाफ, प्रयोगशाळेतील उंदीर आणि आपली मुले

अंकुशनगर हे अंबड तालुक्यातील साखर कारखान्याचे गाव. गळीत हंगाम सुरू झाला की येथील रस्त्यांवर ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रीघ लागते. वाहने आली की पंक्चरची दुकाने आली, गॅरेज आले, रंगकाम आले. या दुकानांत हाताखाली काम करणारी मुले बहुधा आपल्याच वस्त्यांतील असतात. काही शाळा सुटल्यावर जातात, काहींची शाळाच सुटलेली असते. ट्यूब घासायची, त्यावर सोल्यूशन लावायचे, फुंकर घालून वाळवायचे आणि ठिगळ चिकटवायचे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हेच काम.

आमच्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा असेच काम करीत असे. काही महिन्यांनी त्याच्याविषयी तक्रारी येऊ लागल्या. हाक मारली तर ओ देत नाही, सांगितलेले ऐकत नाही, पाठ केलेले विसरतो, चटकन चिडतो. कोणी म्हणाले मुलगा मठ्ठ आहे, तर कोणी म्हणाले घरचे वळणच तसे. आम्हीही त्याला दोनदा रागावलो. त्यानंतर द्रावकांच्या वाफेविषयी काही वाचनात आले आणि आपण घाईने निकाल दिला की काय, अशी शंका आम्हाला वाटू लागली. त्या शंकेतूनच हा लेख लिहिला आहे. विषय प्रयोगशाळेतील उंदरांचा असला तरी त्याचा धागा थेट आपल्या मुलांपर्यंत येतो, म्हणून सभासद बंधू-भगिनींनी व विद्यार्थी मित्रांनी तो शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे.

द्रावक म्हणजे काय?

दुसरा पदार्थ स्वतःत विरघळवून घेणाऱ्या द्रवाला द्रावक म्हणतात. पाणी हेही द्रावकच आहे. परंतु रबर, ऑइलपेंट, तेल, ग्रीस, डांबर हे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी खनिज तेलापासून मिळणारी द्रावके वापरतात. टोल्युइन, झायलिन, हेक्झेन ही त्यांतील प्रमुख नावे होत. रंगाचा थिनर, चपलांचा डिंक, पंक्चरचे सोल्यूशन, छपाईची शाई, वॉर्निश, काही प्रकारचे व्हाइटनर यांत ही द्रावके कमी-अधिक प्रमाणात असतात. पेट्रोलमध्येही टोल्युइन असते.

या द्रावकांचे दोन गुणधर्म लक्षात ठेवावेत. पहिला असा की ती साध्या हवेतच उडून जातात. म्हणून तर रंग वाळतो आणि सोल्यूशन चिकट होते. दुसरा असा की ती चरबीत सहज विरघळतात. मेंदू आणि मज्जातंतू यांत चरबीयुक्त पदार्थांचे प्रमाण फार मोठे असते. त्यामुळे श्वासावाटे आत गेलेली वाफ फुप्फुसातून रक्तात व रक्तातून मेंदूत काही क्षणांत पोहोचते. दारू पोटातून जाते, तिला वेळ लागतो. वाफेला तेवढाही वेळ लागत नाही.

विद्यार्थ्यांनी एक हिशेब करून पाहावा. एक मिलिलिटर टोल्युइनचे वजन सुमारे ०.८७ ग्रॅम आणि त्याचा रेणुभार ९२. या आकड्यांवरून एक मिलिलिटर टोल्युइन पूर्णपणे उडाल्यास साधारण २३० मिलिलिटर वाफ तयार होते, असे उत्तर येईल. आता दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी बंद खोली घ्या. तिच्यात सुमारे २८,००० लिटर हवा मावते. या हवेत दर दहा लाख भागांत १०० भाग टोल्युइन व्हायला अवघे १२ मिलिलिटर, म्हणजे अडीच चमचे टोल्युइन पुरते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या कामासाठी टोल्युइनची मर्यादा हीच, म्हणजे दहा लाखांत १०० भाग, घालून दिलेली होती. पुढे अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने ती २० भागांपर्यंत खाली आणण्याची शिफारस केली. दार-खिडकी लावून रंगकाम करणे किती धोक्याचे आहे, हे या साध्या गुणाकार-भागाकारावरून कळते.

प्रयोग कसा करतात?

माणसाला मुद्दाम विषारी वाफ देऊन पाहता येत नाही. नुसती रोग्यांची पाहणी करावी तर दुसरी अडचण येते. जो मुलगा थिनर हुंगतो तो बहुधा गरीब असतो, अर्धपोटी असतो, शाळेबाहेर असतो, कधी मारही खात असतो. त्याच्या वागण्यातला बिघाड उपासमारीमुळे, मारामुळे की थिनरमुळे, हे वेगळे कसे काढायचे? येथे प्राण्यांवरील प्रयोगांचा उपयोग होतो.

एकाच वयाचे, एकाच वंशाचे आणि सारखाच आहार घेणारे पांढरे उंदीर घेऊन त्यांचे दोन गट करतात. एका गटाला काचेच्या बंद पेटीत ठेवून ठरावीक प्रमाणात द्रावकाची वाफ मिसळलेली हवा देतात. दुसऱ्या गटाला तशाच पेटीत, तेवढाच वेळ, पण साधी हवा देतात. या दुसऱ्या गटाला तुलना-गट म्हणतात. पेटीत कोंडल्याचा त्रास दोघांनाही सारखाच होतो. फरक राहतो तो केवळ वाफेचा.

वाफ देण्याच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. पहिलीत प्रमाण कमी पण वेळ जास्त असतो. रोज कित्येक तास, अनेक आठवडे. ही कारखान्यातील कामगाराची परिस्थिती होय. दुसरीत प्रमाण फार मोठे, दहा लाखांत काही हजार भाग, पण वेळ थोडा असतो. पंधरा मिनिटे, अर्धा तास, पुन्हा खंड, पुन्हा वाफ. ही पिशवीत किंवा रुमालावर हुंगणाऱ्या मुलाची परिस्थिती होय. प्लॅस्टिकच्या पिशवीत वाफेचे प्रमाण दहा हजार भागांच्याही वर जाऊ शकते, म्हणजे कायद्यातील त्या मर्यादेच्या शंभर पटींहून अधिक.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. वाफ अंगात असताना उंदीर झिंगणारच. थोड्या प्रमाणात तो अधिक धावपळ करतो, प्रमाण वाढले की त्याचा तोल जातो आणि फार झाले की उताणा पडला तर त्याला उलटताही येत नाही. हा तात्पुरता परिणाम झाला. टिकाऊ परिणाम पाहायचा असेल तर वाफ बंद करून काही दिवस किंवा आठवडे जाऊ देतात. टोल्युइन शरीरातून बाहेर पडल्यावर उंदराची परीक्षा घेतात. फिरत्या दांडीवर तो किती वेळ तोल सांभाळतो, मोकळ्या जागेत किती फिरतो, पाण्याच्या हौदात बुडालेली चौकी कुठे आहे हे किती दिवसांत शिकतो, शिकलेला नियम बदलला तर नवा नियम धरतो की जुनाच गिरवत बसतो, या गोष्टी मोजतात. पाण्याच्या हौदाची परीक्षा रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडली आणि आज ती जगभर वापरली जाते.

मठ्ठ की बहिरा?

या विषयातील सर्वांत उद्बोधक हकिकत अमेरिकेतील प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाची आहे. १९८३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांनी नुकतेच दूध सोडलेले कोवळे उंदीर घेतले आणि त्यांना दहा लाखांत साधारण हजार भाग टोल्युइन असलेल्या हवेत रोज १४ तास, असे कित्येक आठवडे ठेवले. मग त्यांना एक धडा शिकविला. आवाज झाला की जागा सोडायची, नाही तर पायाला विजेचा हलका झटका बसेल. साध्या हवेतील उंदीर हा धडा लवकर शिकले. टोल्युइन घेतलेले उंदीर मागे पडले.

येथेच थांबले असते तर निष्कर्ष सोपा होता: टोल्युइनने बुद्धी मंदावते. परंतु संशोधकांनी आणखी एक प्रश्न विचारला. आवाजाऐवजी दिव्याचा इशारा दिला तर? दिव्याच्या इशाऱ्यावर हेच उंदीर बरोबर वागले. मग वेगवेगळ्या पट्टीचे स्वर ऐकवून पाहिले. जाड स्वर त्यांना ऐकू येत होते, बारीक स्वर ऐकू येत नव्हते. या परीक्षेत ‘मंद’ ठरलेला उंदीर मुळात बहिरा झाला होता. शिकण्यातील काही उणिवा काळाने भरून आल्या, परंतु हे बहिरेपण वाफ थांबविल्यावरही टिकून राहिले.

पुढील संशोधनात याचे कारण स्पष्ट झाले. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सूक्ष्म केशपेशींच्या रांगा असतात आणि त्या आवाजाची कंपने पकडतात. टोल्युइन या केशपेशींना मारते. पक्ष्यांत अशा पेशी पुन्हा उगवतात, उंदरांत व माणसांत उगवत नाहीत. गेलेली पेशी कायमची गेली.

एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. गिनीपिग या प्राण्यावर तोच प्रयोग केला तेव्हा त्याच्या कानाला टोल्युइनने तशी इजा झाली नाही. त्याच्या शरीरात या विषाची विल्हेवाट वेगळ्या रीतीने लागते. म्हणजे एका प्राण्यावरून दुसऱ्या प्राण्याविषयी डोळे मिटून बोलता येत नाही. मग माणूस कोणासारखा? याचे उत्तर ब्राझीलमधून आले. १९९० च्या दशकात थाइस मोराटा यांनी तेथील छपाई कामगारांची श्रवणशक्ती तपासली. यंत्रांचा गोंगाट आणि टोल्युइन या दोहोंना तोंड देणाऱ्या कामगारांत श्रवणदोष नुसत्या गोंगाटात काम करणाऱ्यांपेक्षाही अधिक आढळला. या बाबतीत आपण उंदराच्या बाजूचे आहोत, असे मानून सावध राहणे शहाणपणाचे.

मेंदूत काय घडते?

मेंदूतील पेशी एकमेकींशी रासायनिक निरोपांनी बोलतात. निरोप घेण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर कुलपासारखे ग्राही असतात. ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा निरोप घेणारा एक ग्राही शिकणे व लक्षात ठेवणे यांसाठी फार महत्त्वाचा आहे. शास्त्रज्ञ त्याला एनएमडीए ग्राही म्हणतात. १९९८ मध्ये सिल्व्हिया क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंडपेशींत उंदराचे हे ग्राही बसवून दाखवून दिले की टोल्युइन त्यांचे काम अडवते. वारंवार अडवणूक झाली की पेशी त्याची भरपाई करू पाहते आणि असे ग्राही वाढविते. मेंदूचा तोल अशा रीतीने बदलतो. नंतर वाफ बंद झाली तरी हा बदललेला तोल लगेच पूर्ववत होत नाही. टिकाऊ परिणामाचे एक कारण येथे सापडते.

दुसरे कारण मज्जातंतूंच्या वेष्टणाचे आहे. विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे आवरण असते तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे चरबीचे आवरण असते. वर्षानुवर्षे टोल्युइन हुंगणाऱ्या माणसांच्या मेंदूतील हे आवरण झिजते. १९८८ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी एमआरआय यंत्राने अशा रुग्णांच्या मेंदूतील पांढऱ्या भागात पडलेला फरक दाखविला. अशा माणसाचे बोलणे शब्दाला शब्द जुळणारे असते, पण त्याचे लक्ष टिकत नाही, तो कशात रस घेत नाही आणि चालताना त्याचा तोल जातो. पाहणारा म्हणतो, माणूस आळशी झाला.

ओढ कशी लागते?

एक पेटी दोन खणांची करतात, एक खण पट्ट्यापट्ट्यांचा, दुसरा साधा. एका खणात उंदराला टोल्युइनची वाफ देतात, दुसऱ्यात साधी हवा. काही दिवसांनी वाफ पूर्ण बंद करून मधले दार उघडतात. ज्या खणात वाफ मिळत होती तेथेच उंदीर जास्त वेळ काढतो, असे आढळले आहे. वाफ नाही, तरी जागेची ओढ आहे. मेंदूतील डोपामिन हे रसायन या ओढीमागे असते. दारू आणि गर्द हीदेखील तेच रसायन ढवळून काढतात. आणखी एका प्रयोगात असे दिसले की ज्या उंदरांना आधी वारंवार टोल्युइन दिले होते त्यांच्यावर पुढे कोकेनचा परिणाम अधिक तीव्रतेने झाला. एका नशेने दुसरीसाठी वाट करून ठेवली होती.

पंक्चरच्या दुकानातील मुलगा कामाला लागतो तो पैशासाठी. वास नकळत सोबत येतो. काही मुलांच्या बाबतीत नंतर वासच काम होऊन बसतो. त्या मुलाला ‘तिकडे जाऊ नकोस’ एवढे सांगून भागत नाही, कारण जागा, सोबती आणि वास हे तिन्ही त्याच्या मेंदूत एकत्र बांधले गेलेले असतात. उंदराच्या पेटीने हे फार स्पष्ट करून दाखविले आहे. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे दारू असते. सोल्यूशनची नळी आणि थिनरची बाटली हीही त्याच शीलाच्या कक्षेत येतात, हे मुलांना समजावून सांगणे आवश्यक आहे.

चपलांचा डिंक आणि अधू पाय

सर्व द्रावकांचा परिणाम सारखा नसतो. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सँडल व चपला तयार करणाऱ्या कारागिरांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, मग पायांतील शक्ती जाऊ लागली. तपासाअंती डिंकातील हेक्झेन हे द्रावक दोषी ठरले. उंदरांना हेक्झेनची वाफ दिली तेव्हा त्यांचेही मागचे पाय ओढले जाऊ लागले. शरीरात हेक्झेनपासून तयार होणारे एक रसायन लांब मज्जातंतूंना इजा करते, म्हणून सर्वांत दूरचे, म्हणजे पावलांचे तंतू आधी बिघडतात. विशेष म्हणजे काम सोडल्यावरही काही आठवडे दुर्बलता वाढत जाते आणि नंतर हळूहळू सुधारणा होते. चामड्याचे व चपलांचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. पाय जड वाटणे हा थकवाच असेल असे नाही.

प्राण्यांचे दुःख

येथे एक प्रश्न कोणत्याही विचारी वाचकाच्या मनात येईल. मुक्या प्राण्यांना विष देऊन ज्ञान मिळवावे काय? आम्हालाही हा प्रश्न टोचतो. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. त्या कायद्यान्वये प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी समिती असून १९९८ मध्ये त्यासाठी नियमही करण्यात आले. रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे सांगितली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा आणि त्यांच्या वेदना कमी करा. ही तत्त्वे आज बहुतेक देशांनी मान्य केली आहेत. आमचे म्हणणे एवढेच की जे ज्ञान या जिवांच्या वेदनेतून मिळाले आहे ते कपाटात पडून राहणे हा त्या वेदनेचा दुहेरी अपव्यय आहे. ते मुलांच्या उपयोगी पडले पाहिजे.

आपल्या देशात काय स्थिती आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेतील व्यसनोपचार केंद्राने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा आहे की ज्याचे सेवन प्रौढांपेक्षा १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांत अधिक आहे. देशातील सुमारे ४.६ लाख मुलांना या व्यसनासाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज त्यात दिला असून अशा मुलांची संख्या अधिक असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. त्यापूर्वी २०१२ मध्ये केंद्र सरकारने बाटलीतील व्हाइटनर व थिनर यांच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली आणि पेनच्या स्वरूपात मर्यादित प्रमाणातच व्हाइटनर विकण्यास मुभा दिली. परंतु पंक्चरचे सोल्यूशन आणि रंगाचा थिनर यांच्याविना धंदे चालत नाहीत. केवळ बंदीने हा प्रश्न सुटण्यासारखा नाही.

सुधारणा होते काय?

होते, आणि हे सांगण्यासाठीच आम्ही एवढा प्रपंच केला. प्रायर यांच्या उंदरांतही काही उणिवा तात्पुरत्याच ठरल्या होत्या. माणसांविषयीचा पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. तेथील आदिवासी वस्त्यांत पेट्रोल हुंगण्याचे व्यसन फार पसरले होते. शेरी केर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांनी हुंगणे सोडले अशांना दोन वर्षांनी पुन्हा तपासले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेकांचे लक्ष, स्मरण आणि शरीराचा तोल यांत लक्षणीय सुधारणा झालेली दिसली. काहींमध्ये ती पूर्ण होती. शिशाच्या पेट्रोलमुळे मेंदूला गंभीर इजा होऊन रुग्णालयात राहावे लागले होते त्यांची सुधारणा मात्र अपुरी राहिली. म्हणजे जितके लवकर थांबावे तितके अधिक परत मिळते.

त्याच देशाने आणखी एक उपाय केला. २००५ पासून मध्य ऑस्ट्रेलियातील वस्त्यांत टोल्युइनसारखे घटक फार कमी असलेले वेगळे पेट्रोल पुरविण्यास सुरुवात झाली. गाड्या चालत राहिल्या, पण हुंगण्यासारखे काही उरले नाही. पुढे वीस वस्त्यांची पाहणी केली तेव्हा हुंगणाऱ्यांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मुलांना दोष देत बसण्यापेक्षा वस्तूच बदलली, हे त्या यशाचे रहस्य.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट धंदा करणाऱ्या बांधवांसाठी. सोल्यूशन व थिनरचे काम उघड्यावर किंवा आरपार वारा असलेल्या जागी करावे. डब्याचे झाकण काम झाल्याबरोबर लावावे. थिनरने हात धुऊ नयेत. तोंडाला रुमाल बांधल्याने धूळ अडते, वाफ अडत नाही, हे लक्षात ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलाला या कामाला बसवू नये.

दुसरी गोष्ट गरोदर भगिनींसाठी. गाभण उंदरांना थोडा वेळ पण मोठ्या प्रमाणात टोल्युइनची वाफ वारंवार दिली असता पिल्ले कमी वजनाची जन्मली आणि काहींत व्यंगे आढळली. म्हणून घराचे रंगकाम निघाले तर गरोदर स्त्रीने त्या घरात राहू नये.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. कपड्यांना रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, वारंवार डोकेदुखी, तोल जाणे, खिशात चिंध्या किंवा पिशवी, ही लक्षणे दिसली तर चौकशी करावी. मात्र मूल प्रत्यक्ष हुंगताना सापडले तर त्याच्यावर ओरडू नये, त्याच्या मागे धावू नये, मारू तर मुळीच नये. मिलर्ड बास यांनी १९७० मध्येच हुंगताना अचानक मृत्यू आलेल्या ११० तरुणांची नोंद केली होती. वाफेमुळे हृदय हळवे झालेले असते आणि भीतीने किंवा धावण्याने रक्तात उसळणारे रसायन त्या हृदयाला बंद पाडू शकते. शांतपणे जवळ जावे, मोकळ्या हवेत बसवावे, एकटे सोडू नये आणि शुद्ध हरपत असेल तर तत्काळ दवाखान्यात न्यावे.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठी व अभ्यासिका चालविणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत. त्याला पुढच्या रांगेत बसवावे, समोर उभे राहून बोलावे, फळ्यावर लिहून दाखवावे. उंदराला दिव्याचा इशारा दिल्यावर तो शिकला. मुलालाही तेवढी संधी मिळाली पाहिजे.

पाचवी गोष्ट उपचाराची. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्राने व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानण्याची दृष्टी महाराष्ट्राला दिली. शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची आणि १०९८ ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवा मोफत आहे. हे दोन क्रमांक प्रत्येक विहाराच्या व अभ्यासिकेच्या फलकावर लिहून ठेवावेत.

समारोप

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाला आम्ही शासकीय रुग्णालयात नेले. त्याच्या दोन्ही कानांनी बारीक स्वर कमी ऐकू येतात, असे तपासणीत निघाले. हे सोल्यूशनमुळेच झाले असे डॉक्टरांनी म्हटले नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. लहानपणी कान फुटणे, ट्रकच्या हॉर्नचा गोंगाट, अशी इतरही कारणे असू शकतात. परंतु तो उद्धट नव्हता व मठ्ठही नव्हता, एवढे निश्चित झाले. त्याने दुकान सोडले आहे. घरखर्चाला त्याची मजुरी लागत होती, तेव्हा त्याच्या फीची व वह्यांची जबाबदारी काही सभासदांनी वाटून घेतली आहे. तो आता पुढच्या रांगेत बसतो आणि आम्ही त्याच्याकडे तोंड करून बोलतो.

प्रयोगशाळेतील उंदराला जात नसते, त्याला घरचे वळण नसते, त्याच्या बापाने दारू प्यालेली नसते. तरीही वाफेने त्याचे वागणे बदलले. ज्या मुलांच्या वागण्याचा दोष आपण सहजपणे त्यांच्या वस्तीवर आणि संस्कारांवर टाकतो, त्यांच्यासाठी ही साक्ष फार मोलाची आहे. ती ऐकून प्रत्येक सभासदाने आपल्या ओळखीच्या एका तरी दुकानात जावे, तेथे काम करणाऱ्या मुलाची आस्थेने चौकशी करावी आणि त्याला हळू आवाजात हाक मारून पाहावी. त्याने ओ दिली तर चांगलेच. नाही दिली, तर पुढे काय करायचे हे आता आपल्याला ठाऊक आहे.